दुसरा आणि चौथा शनिवार

समुपदेशनासाठी दोघं एकत्र आले, पण तक्रार त्याची होती आणि ती एका वाक्यात मावत होती. "गावाला जायचं म्हटलं की हिचं तोंड वाकडं होतं." तिनं ते नाकारलं नाही. "होतं," एवढंच म्हणाली आणि पाण्याची बाटली उघडून दोन घोट प्यायली.

नावं इथे देत नाही; ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. लग्नाला नऊ वर्षं झालेली, मुलगी पहिलीत, सिंहगड रस्त्याच्या बाजूला दोन बेडरूमचा फ्लॅट आणि त्याचे हप्ते. तो एका सहकारी बँकेत, ती हिंजवडीतल्या एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात. मारझोड नाही, दारू नाही, संशय नाही, सासरचा जाचही म्हणावा असा नाही. अशा जोडप्यांना नातेवाईक "तुमचं सगळं चांगलं चाललंय की" म्हणून परत पाठवतात. पण ही दोघं गेलं वर्षभर दर महिन्यात दोनदा, तेही गुरुवारीच, कडाडून भांडत होती. भांडणाला वार ठरलेला असला की मला त्यात रस वाटतो.

त्याचं गाव भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. नवले पुलानं आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्यानं दया दाखवली तर दीड-दोन तासांचा रस्ता. जुनं घर, पडवी, मागच्या दारी चूल, भाताची चार खाचरं. आई-वडील दोघंही तिथेच. त्याच्या दृष्टीनं ही सुट्टीची चैन होती, आणि तो मुद्दा त्यानं पैशात मांडला. लोक कृषी पर्यटन केंद्रात पैसे मोजून चुलीवरचं जेवतात, सरकारनं २०२० साली त्याचं धोरणसुद्धा काढलं, आणि आपल्याला हे सगळं घरचं, फुकट मिळतंय. "हिला त्याची किंमत नाही."

ती लातूरकडची. ज्वारीची भाकरी, येसर घातलेली आमटी आणि धपाट्यांवर वाढलेली. भोरला भाकरी तांदळाची, नाहीतर नाचणीची, आणि दोन्ही वेळा भात. हा फरक दोघांनीही हसत सांगितला, पण पुढे तो नुसता हसण्यावारी नेण्यासारखा राहिला नाही.

घरच्यांचे सल्ले आधीच येऊन गेले होते. त्याच्या मावशीच्या मते हे सासू-सुनेचं नेहमीचं. तिच्या बहिणीच्या मते स्वयंपाकाला बाई लावा, निम्मी भांडणं संपतील. गंमत म्हणजे बाई होतीच. स्वयंपाकाच्या मावशी सकाळी सातला येऊन पोळ्या आणि एक भाजी करून जात. एखाद्या दिवशी त्या आल्या नाहीत तर कोपऱ्यावरचं पोळीभाजी केंद्र होतं. रात्रीची भांडी तो घासत असे, भाजी तो आणत असे, मुलीला शाळेच्या बसवर सोडणंही त्याच्याकडे. त्यामुळे "मी घरात काही करत नाही" हा आरोप त्याला लागू नव्हता, आणि तिनं तो केलाही नव्हता.

मग मी त्यांना एक आठवडा वही ठेवायला सांगितली. दोन रकाने. एकात काम कुणाच्या हातून झालं ते, दुसऱ्यात ते आधी कुणाच्या लक्षात आलं ते.

पहिला रकाना बऱ्यापैकी समसमान निघाला. दुसऱ्यात तिच्याच नावाची रांग. गुरुवार संध्याकाळच्या नोंदी मी मुद्दाम वाचून दाखवल्या. मटकी भिजत घातली, कारण शनिवारी मोड हवेत. विरजण लावलं. दळण टाकायचं राहिलंय, उद्या गिरणी बंद. मावशी सोमवारी येणार नाहीत. गॅस नोंदवायचा. मुलीचा शुक्रवारी डब्यात कोरडा खाऊ. गावी जायचं तर सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या इथूनच न्यायच्या. सासूबाईंना फोन करून काय आणू विचारायचं. यात हातानं करायचं काम जेमतेम अर्ध्या तासाचं असेल. त्याच दिवशीची त्याची नोंद होती "कोथिंबीर आणली". त्या नोंदीखाली तिच्या अक्षरात एक ओळ होती: मंडईतून तीन फोन. पंधराला एक जुडी देतोय, घेऊ का? एक की दोन? मेथी पण आहे, हवीये का?

तो हसला, पण कान लाल झाले.

केंद्र सरकारच्या वेळवापर पाहणीचे आकडे मी अशा वेळी सांगते, कारण बँकवाल्यांना आकडे पटतात. २०२४ च्या पाहणीत आपल्याच घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्या कामातला दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं होता आणि पुरुषांचा ८८. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते, म्हणजे वेळ दोघांचाही थोडा कमी झाला आणि अंतर जवळजवळ होतं तिथेच राहिलं. त्यातही ही ८८ मिनिटं सगळ्या पुरुषांची नव्हेत, जे काही ना काही घरकाम करतात त्यांचीच. आणि असे पुरुष चारांत जेमतेम एक. त्या मानानं आपण वरच्या वर्गात आहोत, असं त्याचं म्हणणं पडलं. ते खरंही होतं. पण वेळ मोजणाऱ्या पाहणीत मटकी भिजवायची आठवण कुठल्या मिनिटात धरायची?

इथपर्यंत हे प्रकरण ओळखीचं होतं. डोक्यातली कामं वाटून घ्या, म्हणून मी थांबले असते तरी चाललं असतं. पण गुरुवारचं कोडं सुटत नव्हतं. तेच काम बाकीच्या आठवड्यांतही असतं, मग भांडण महिन्यातून दोनदाच का?

उत्तर भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये होतं. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार पूर्ण सुट्टी असते आणि बाकीचे शनिवार पूर्ण कामाचे. तिचा आठवडा पाच दिवसांचा. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी तो बँकेत, ती घरी. आणि घरी म्हणजे दळण, डबे घासणं, लसूण सोलून ठेवणं, मुलीची नखं, फ्रीज. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी गाव. लग्न झाल्यापासून स्वतःचा म्हणावा असा शनिवार तिला मिळाला नव्हता आणि हे दोघांपैकी कुणी कधी असं मांडून पाहिलं नव्हतं. त्याला वाटे, पहिला-तिसरा शनिवार तर हिला मोकळाच असतो.

आता गावचा शनिवार. हा मी दोघांना वेगवेगळं बसवून विचारला. वर्णनं जुळली, फक्त प्रत्येकाचा कॅमेरा वेगळ्या ठिकाणी होता.

त्याचा पडवीत. शुक्रवारी रात्री दहाला पोहोचायचं, आईनं जेवण झाकून ठेवलेलं असतं. सकाळी धरणाकडे चक्कर, खाचराच्या बांधावर वडिलांशी गप्पा, दुपारी अळूवड्या, वालाची उसळ आणि वाफाळता इंद्रायणी भात, झोप, संध्याकाळी मित्र. रात्री चुलीवर कोंबडीचा रस्सा, आणि तो रस्सा तो स्वतः करतो. "गावाला गेल्यावर स्वयंपाक माझ्याकडे असतो," असं त्यानं खरोखरच सांगितलं.

तिचा कॅमेरा मागच्या दारी. सकाळी सहाला बंब पेटवायचा. आठपासून चहा, कारण पुण्याची माणसं आलीत म्हटल्यावर भावकीतलं कोणी ना कोणी डोकावतंच. चहाचे कप विसळणं हे त्या सकाळचं एक स्वतंत्र खातं. मग न्याहारी, लगेच दुपारचं. रात्रीच्या रश्श्याला कांदा-खोबरं तो निखाऱ्यावर भाजतो, चव बघतो, तिखट वाढवतो. पाट्यावर वाटण ती करते, नऊ माणसांच्या भाकऱ्या ती आणि सासूबाई थापतात, आणि काजळी धरलेलं पातेलं रविवारी सकाळी राखेनं कोण घासतं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

श्रमापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. पुण्याच्या ओट्यावर कष्ट तिचे, पण मर्जीही तिची. गावच्या स्वयंपाकघरात कष्ट तेवढेच आणि मर्जी दुसऱ्याची. हळद कुठल्या डब्यात, मीठ किती, वरण घट्ट की पातळ, सगळं विचारून. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिनं घरच्या इंद्रायणीला कोलमच्या अंदाजानं पाणी घातलं. इंद्रायणी मुळात चिकट. आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला हा वाण, त्याला पाणी बेतानंच लागतं. भाताची खीर झाली. नऊ वर्षं उलटली, चुलतसासू अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला तो किस्सा सांगते. ज्वारीची भाकरी तिनं तिथे एकदाच केली होती. पीठ जुनं, भाकरी तव्यावर चिरत गेली, आणि "लातूरच्या भाकरीला नकाशा असतो वाटतं" असं दीर म्हणाला. विनोद बरा आहे. तो तिला नऊ वर्षांनंतर शब्दशः आठवत होता.

सासूबाईंशी तिचं वाकडं नव्हतं. म्हणून त्यांच्याशी थेट बोलायला मी सुचवलं, आणि तेही तक्रार म्हणून नव्हे. दर वेळी अळूवड्याच का, एवढंच विचारायचं. ते संभाषण तिनं मला जसंच्या तसं ऐकवलं. सासूबाई अळूच्या पानांच्या शिरा लाटण्यानं दाबत बसल्या होत्या.

"आई, दर वेळेला एवढा घाट कशाला घालता?"

"अगं, तुला आवडतात ना. तोच फोन करून सांगतो, आई, अळूवड्या कर, हिला आवडतात म्हणून."

तिला अळू आवडत नाही; घशाला खवखवतं. लग्नानंतर पहिल्यांदा वाढलं तेव्हा नव्या सुनेनं "छान झाल्यात" म्हटलं होतं, त्यावर नऊ वर्षं वड्या चालल्या होत्या. तो फोन करायचा, कारण त्याला वाटायचं की बायकोला आवडतात आणि आईला करायला आवडतं. आईचे गुडघे दुखत होते. वड्या उकडून, कापून, तळून होईपर्यंत दोन तास उभं राहावं लागे आणि शुक्रवार आला की त्यांच्याही पोटात गोळा येत असे. पण मुलगा-सून येणार आणि पानात काही नसेल तर कसं दिसेल?

जेरी हार्वी या अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञानं १९७४ मध्ये असाच एक किस्सा लिहिला होता. टेक्सासमधलं एक कुटुंब भर उन्हाळ्यात ५३ मैलांवर जेवायला जातं, आणि घामाघूम होऊन परतल्यावर कळतं की जायचं कुणालाच नव्हतं. प्रत्येकजण दुसऱ्याच्या मनासाठी गेला होता. माझ्या क्षेत्रातले लोक तो किस्सा अशा ठिकाणी हमखास चिकटवतात. मला तो इथे अर्धाच लागू वाटतो. वड्या कुणालाच नको होत्या हे खरं, पण गावाला जायची एका माणसाला मनापासून ओढ होती, आणि ती ओढ खोटी नव्हती. ती बाजूला सारून काढलेला तोडगा टिकला नसता.

तीन महिन्यांपुरतं असं ठरलं की गावाला फक्त चौथ्या शनिवारी जायचं, शुक्रवारी रात्री न जाता शनिवारी दुपारी जेवून निघायचं, आणि रात्री पिठलं-भाकरी-ठेचा, त्यावर काही नाही. दुसरा शनिवार पुण्यात किंवा तिसरीकडे. शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत घरातल्या खाण्यापिण्याची आठवण त्याची. हातानं काम कुणीही करावं, पण फोन करून "घेऊ का?" विचारायचं नाही आणि तिनंही आपणहून आठवण करून द्यायची नाही.

शेवटची अट तिला जास्त जड गेली. पहिल्याच सोमवारी मावशी आल्या तर डब्यात कणीक नाही. रविवारी रात्री रिकामा डबा तिला दिसला होता. ती गप्प राहिली आणि त्यापायी रात्री दीडपर्यंत जागी राहिली. सकाळी त्यानं पळत जाऊन ब्रेड आणला, मुलीला तो आवडलाच. पुढच्या आठवड्यात त्यानं मोबाइलवर यादी केली आणि त्यातली शिस्त बघून मला बँकेच्या तपासणी अहवालाची आठवण झाली: डाळ शिल्लक, साखर शिल्लक, कणीक धोक्याच्या पातळीवर. माणसाला हे येत नव्हतं असं नाही. आजवर कुणी त्याच्यावर टाकलं नव्हतं.

एका दुसऱ्या शनिवारी ती तिघं वाईजवळ एका शेतघरात राहिली, जिथे स्वयंपाक शेतमालकाच्या घरचे करत. मेणवलीचा घाट आणि चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेनंतर आणलेली ती पोर्तुगीज घंटा मुलीला बघायची होती. ते बघून झालं आणि जेवून मुलीची आई जी झोपली ती साडेपाचला उठली. चहा कुणीतरी आणून दिला. तो मला म्हणाला, "एवढे पैसे देऊन फक्त झोपली." मी म्हटलं, शेतावरच्या त्या फुकटच्या सुट्टीत तुम्ही नेमकं काय करत होतात? थोडा वेळ गेला, मग म्हणाला, "झोपत होतो."

सगळं असं साधलं नाही. सासऱ्यांना महिन्यातून एकच फेरी पटली नाही आणि ते दोन आठवडे फोनवर "बरं" याच्या पुढे बोलले नाहीत. सासूबाईंनी मात्र मोकळा झालेला शनिवार वाया घालवला नाही. वरंध घाटातून एसटीनं महाडला बहिणीकडे जाऊन आल्या, कित्येक वर्षांनी. सर्वांत जास्त त्रास झाला तो त्याला. महिनाभर बांधावर पाय पडला नाही की तो चिडचिडा व्हायचा. शेवटी दुसऱ्या शनिवारी अधूनमधून तो मुलीला घेऊन एकटाच जाऊ लागला. तिथे गावानं विचारलं, "सून का नाही आली? बरं आहे ना सगळं?" पहिल्या वेळी त्यानं "तिला बरं नाही" असं ठोकून दिलं. मी त्यावर हटकलं. आजारी बायकोला पुण्यात टाकून आला, अशी बातमी संध्याकाळपर्यंत गावभर होते आणि पुढच्या फेरीत तिला दहा जणींना तब्येत सांगावी लागते. दुसऱ्या वेळी त्यानं सांगितलं, "तिला सुट्टी आहे, घरी आराम करतेय." चुलतीनं भुवया उंचावल्या. तो काही बोलला नाही, चहा घेतला. लोकांच्या भुवया झेलायचं काम तोवर तिच्याकडेच होतं आणि वहीत त्याला रकाना नव्हता. मला विचाराल तर या प्रकरणात खरी वाटणी झाली ती त्या दिवशी.

लातूरची फेरीही याच काळात एकदा झाली. गुरुवारी रात्रीची बस, रविवारी परत. जावई म्हणून त्याला बसल्या जागी ताट, शेंगदाण्याची चटणी, धपाटे, वर दही. ती सांगत होती की तीन दिवसांत पदार्थ म्हणून काही केला नाही, छान वाटलं. मग स्वतःच म्हणाली, "पण आई सकाळी पाचपासून उभी होती." भांडी घासायला गेली तर आईनं हात धरून बाहेर काढलं होतं. तिच्या घरी बंद करू पाहत होतो ते माहेरी तसंच चालू होतं आणि या वेळी पलंगावर ती होती. यावर तिचं तिनं काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही. भाऊ-भावजयीला मध्ये घेतलं तर प्रकरण वेगळंच होईल.

तीन महिने संपल्यावर गुरुवारची भांडणं थांबली होती. दोघं एकदा मंगळवारी भांडले, मुलीच्या शाळेच्या फीवरून, आणि ते मला चांगलंच वाटलं. अळूवड्या बंद झाल्या. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं अळू आता शेजारीण नेते. ज्वारीचं ताजं पीठ ती पुण्याहून दळून नेते आणि रात्रीच्या पिठल्याबरोबर तिच्या भाकऱ्या होतात. सासऱ्यांना त्या चालतात, दिराला मुद्दाम वाढल्या जातात.

लावणीचं राहिलं आहे. जुलैमध्ये गावात सावड असते, आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या, आणि पंधरा-वीस माणसांचं जेवण शेतावर पोहोचवावं लागतं. ते "पिठलं-भाकरी, त्यावर काही नाही" या नियमात बसत नाही आणि महिन्याच्या एका फेरीतही नाही. तो म्हणतो, लावणीला माणूस कमी पडून चालणार नाही. ती म्हणते, मी येते, पण चिखलात उतरते, रोपं लावते. जेवणाचं तू आणि दादा बघा. सासूबाईंना ही कल्पना पसंत आहे, सासऱ्यांना नाही, दिराला अजून कुणी विचारलेलं नाही.